चेन सॉ गरम झालं की ओव्हर होतंय, किट बदलून आणल्यावर तर जास्तच

काजूवाला, जांबोटी

नमस्कार मंडळी. माझ्याकडं ५८ सीसीचं चायना चेन सॉ आहे, २२ इंची पट्टीचं. बेळगावातनं घेतलंय. दोन हंगाम गुमान चाललं, आता मात्र डोकं फिरवायला लागलंय.

सकाळी गार असताना दोन-चार दोऱ्यांत सुरू होतं. तासभर कापलं, चहाला बंद केलं, की परत सुरू व्हायचं नाव नाही. दोरी ओढून ओढून खांदा उतरतो. प्लग काढून बघावं तर पेट्रोलनं चिंब, म्हणजे ओव्हर. सायलेन्सरच्या तोंडातनंसुद्धा थेंब गळतात. प्लग पुसून अर्धा-पाऊण तास ठेवून दिलं तर कधी सुरू होतं, कधी होत नाही.

वळवाच्या वाऱ्यात घरामागचा फणस गोठ्याच्या छपरावर आडवा झालाय. काजूच्या बागेतली जुनी झाडं छाटलीत, ती पण तशीच पडून आहेत. मिरगाच्या आत सगळं लाकूड तुकडे करून शेडात गेलं पाहिजे. आमच्या भागात पाऊस एकदा बसला की बसला, मग ओल्या लाकडाचा धूर घरातल्या बायकांनी खायचा आणि बोलणी आम्ही.

आतापर्यंत केलेलं सांगतो. एअर फिल्टर साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला. नवा प्लग टाकला. टाकीतला फिल्टर बदलला. शेवटी एका दुकानात दिलं, त्यांनी कार्बोरेटरला नवीन किट, म्हणजे आतल्या पडदे-गॅस्केट-सुईचा संच, टाकून दिलं. तिथनं आणल्यापासून गार असतानासुद्धा कुरकुर चालू. आयडलला घुरघुरतं, धूर जास्त सोडतं आणि बंद पडतं. दुकानवाला म्हणतो चायना माल असाच असतो. ऑइल लिटरला ४० मिली टाकतो, मापानं. सुरू करायच्या आधी तो पारदर्शक बल्ब पाच-सात वेळा दाबतो, त्यानं ओव्हर होत असेल काय? कुणाला अनुभव असला तर सांगा की.

निपाणीकर

दादा, चोक. शंभर टक्के चोक. माझ्या भावाचं पण असंच व्हायचं. चोक ओढून दोरी मारत राहायचा, इंजिन एकदा 'फट्' करून सांगतं ते ह्याला ऐकूच यायचं नाही. तो पहिला फट् आला की चोक लगेच आत ढकलायचा आणि मग दोरी मारायची. त्यानंतरही चोकवर ओढत बसलं की सगळं पेट्रोल सिलिंडरमध्ये.

कार्बोरेटरचा एल स्क्रू, आयडलचं पेट्रोल कमी-जास्त करतो तो, पण थोडा आवळून बघा.

काजूवाला, जांबोटी

गरम असताना चोक लावतच नाही हो. गार असताना लावतो, तेव्हा तर ते सुरू होतंय. एल स्क्रू दुकानवाल्यानं काय केलाय देव जाणे, हात लावायला धीर होईना.

जुना फिटर, खानापूर

निपाणीकरांचं चुकीचं नाही, निम्मी सॉ चोकमुळंच ओव्हर होतात. पण तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी आहेत ज्या चोकमध्ये बसत नाहीत. एक, गरम झाल्यावर होतंय. दुसरी, किट टाकल्यावर वाढलंय. माझ्या बाकड्यावर पंप, फवारणीची मशीनं, सॉ सगळंच येतं, अळणावरचं गिऱ्हाईक असो नाहीतर चंदगडचं, आणि ओला प्लग हातात घेऊन येणारा प्रत्येक जण आधी प्लग बदललेला असतो. नवा प्लग पण भिजतोच. बिचाऱ्याचा काय दोष?

आधी अडकलेलं मशीन मोकळं करायची रीत सांगतो, म्हणजे खांदा वाचेल. स्विच बंद. चोक पूर्ण उघडा. प्लग काढा. मशीन असं उलटं धरा की प्लगचं भोक जमिनीकडं होईल, आणि दोरी हळू हळू ओढा. आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर येतं, म्हणून प्लगची टोपी त्या भोकापासून लांब ठेवा आणि शेजारी कुणी बिडी ओढत बसलेला नको. दोरी जड लागली तर जोर करू नका, खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, पेट्रोल साचलेलं असतं. प्लग न काढता ताकद लावली तर दोरी तरी तुटते नाहीतर आतलं काहीतरी वाकतं. मग प्लग पुसून, वाळवून परत लावा, चेनचा ब्रेक पुढं ढकला, स्विच चालू करा, चोक उघडाच ठेवून रेस पूर्ण दाबून दोरी मारा. भडभड करत सुरू झालं की धूर निघून जाऊ दे.

हे झालं निस्तरणं. आता कारण शोधू.

मोटरसायकलच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट असतो. सॉ आडवं, तिरकं, उलटं कसंही धरून चालवायचं, म्हणून त्यात फ्लोट चालत नाही. त्याच्याऐवजी पातळ पडदा असतो, आपण डायफ्राम म्हणतो तो. पडद्याखाली एक बारीक लिव्हर, लिव्हरच्या दुसऱ्या टोकाला सुई, आणि लिव्हरला वर धरून ठेवणारी केसासारख्या तारेची स्प्रिंग. इंजिनानं पेट्रोल ओढलं की पडदा आत येतो, लिव्हर दाबतो, सुई उठते, पेट्रोल येतं. ओढणं थांबलं की स्प्रिंग सुईला परत बसवते. नळाचा वॉशर खराब झाला की चावी बंद करूनही नळ टिपटिप गळतो ना, सुई नीट बसली नाही की हुबेहूब तेच.

टाकीतनं पेट्रोल ओढायचं काम कार्बोरेटरच्या दुसऱ्या बाजूचा वेगळा पडदा करतो, आणि तो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर हलतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. मग चहाच्या वेळात तुमचं पेट्रोल पुढं ढकलतंय कोण?

टाकी. सॉच्या टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची वाट, एकाच बाजूनं चालतो, हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. मे महिन्याचं ऊन, वर गरम इंजिन शेजारी, टाकीत वाफ धरते आणि दाब तयार होतो. सुई धड असली तर हा दाब तिथंच अडतो. सुई गळकी असली तर तुम्ही चहा पिताय तोवर पेट्रोल निवांत इंजिनात उतरतं.

तर आता हे करून बघा. वर सांगितल्याप्रमाणं मशीन मोकळं करा, एअर फिल्टर काढून कार्बोरेटरचा घसा, म्हणजे हवा आत जायचं तोंड, कापडानं कोरडा करा. टाकी अर्धी भरून झाकण लावा आणि मशीन उन्हात ठेवा. दोरीला हात लावायचा नाही. अर्ध्या तासानं घशात बॅटरी मारून बघा. ओलं दिसलं तर तुमच्या हाताचा किंवा चोकचा काही संबंध नाही, सुईकडनं गळतंय. कोरडं राहिलं तर मग चोक, एल स्क्रू, करंट ह्यांच्याकडं वळू. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो का तेही ऐका, पण सायलेन्सर गार झाल्यावरच उघडा.

बल्बचं विचारलंय. तुमच्या जातीच्या सॉमधला बल्ब पेट्रोल कार्बोरेटरमधनं ओढून परत टाकीत सोडतो. इंजिनात काही मारत नाही. पाच वेळा दाबा नाहीतर पंधरा.

चंदगडवाला

काका, एवढा खटाटोप कशाला? ह्या चायना सॉचा अख्खा कार्बोरेटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो. जुना काढा, नवा लावा. आमच्याकडं काजूच्या बागेत सगळे तेच करतात.

दुसरं म्हणजे पेट्रोलचं बघा. आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आहे सगळीकडं. पावसाळाभर टाकीत राहिलं की काय होतं ते बघितलंय मी, टाकीच्या तळाला पाण्यासारखा वेगळा थर.

जुना फिटर, खानापूर

नवीन कार्बोरेटर लावायला माझी ना नाही. पण टाकीत कचरा तोच असला, तर नव्या सुईखाली पण तो जाऊन बसतोच. आणि स्वस्तातल्या नव्या मालात लिव्हर बरोबर उंचीवर असेलच ह्याची खात्री मी तरी देणार नाही. डब्यातनं काढल्याबरोबर ओव्हर होणारे नवे कार्बोरेटर माझ्याकडं आलेत.

इथेनॉलचं तुमचं बरोबर. २०२३ च्या फेब्रुवारीत बेंगळुरात ई-२० चं उद्घाटन झालं आणि बघता बघता सगळ्या पंपांवर आलं. आपल्याच जिल्ह्यातला ऊस, आपल्याच कारखान्याचं इथेनॉल, आणि शेवटी आपल्याच सॉच्या पडद्याला भोवतंय. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसाळ्यात तर ओलीला तोटाच नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट खाली बसतं आणि टाकीतली नळी नेमकी तळातनंच ओढते. जुन्या प्रकारच्या रबराचे पडदे ह्यानं कडक होतात, कधी फुगतात. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मगच माळ्यावर ठेवा. मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये महिनोन् महिने ठेवू नका, लागेल तेवढंच कालवा.

पण जांबोटीवाल्यांचं दुखणं पेट्रोलचं वाटत नाही. किट टाकल्यावर वाढलंय म्हणतात, माझी नजर तिथंच आहे.

काजूवाला, जांबोटी

काका, केलं. अंगणात उन्हात ठेवलं, कोणाला हात लावू दिला नाही. अर्धा तास पण लागला नाही, घसा ओला चकाकत होता, आणि खालच्या बाजूनं एक थेंब सुटून पट्टीच्या दिशेनं गेला. झाकण उघडलं तर मोठ्यानं फुस्स झालं. म्हणजे सुईच ना? आता उघडू काय? भीती वाटते, आत बारीक वस्तू आहेत म्हणताय.

जुना फिटर, खानापूर

उघडा. पण ओसरीवर उघडू नका, कोंबडी येऊन स्प्रिंग टिपून नेईल. टेबलावर पांढरं कापड पसरा, उजेडात बसा, पंखा बंद. प्रत्येक पायरीला मोबाइलनं फोटो काढा.

कार्बोरेटर काढायच्या आधी तो बाहेरनं ब्रशनं साफ करा. काजूचा भुसा तेलकट असतो, आत पडला की नवीन दुखणं. एका बाजूचं झाकण एकाच स्क्रूचं असतं, ती पंपाची बाजू. दुसऱ्या बाजूला चार स्क्रू आणि झाकणाच्या मध्यावर बारीक भोक. आपल्याला ही चार स्क्रूची बाजू पाहिजे.

झाकण उचललं की सगळ्यात आधी क्रम बघा. ह्या बाजूला बॉडीवर आधी कागदी गॅस्केट, त्याच्यावर पडदा, मग झाकण. किट टाकणाऱ्यानं घाईत पडदा खाली आणि गॅस्केट वर बसवलं, तर पडदा गॅस्केटच्या जाडीएवढा खाली जातो आणि त्याच्या मधला धातूचा ठिपका लिव्हरला कायमचा दाबून धरतो. सुई बसतच नाही. पंपाच्या बाजूला क्रम उलटा असतो, आधी पडदा, मग गॅस्केट, म्हणून माणूस फसतो. एक बाजू बघून दुसरी तशीच लावली जाते.

क्रम बरोबर निघाला तर लिव्हरची उंची बघा. लिव्हर बसते त्या घराच्या, म्हणजे खळग्याच्या, काठावर स्टीलची मोजपट्टी उभी ठेवा, धार खाली करून. लिव्हरचं टोक पट्टीला टेकता कामा नये, काठाच्या जरा खाली राहिलं पाहिजे. नेमकं किती खाली हे कार्बोरेटरच्या जातीवर आहे, काहींत काठाजवळ, काहींत पार घराच्या तळाच्या पातळीला. टोक वर आलेलं असलं की ओव्हर, फार खाली असलं की पेट्रोलच कमी. वाकवायची पाळी आली तर लिव्हर बाहेर काढून, नखाएवढा फरक एका वेळी. आत बसलेली असताना दाबू नका, दाब सगळा सुईच्या टोकावर येतो.

नंतर लिव्हरच्या पिनेचा स्क्रू सोडा. इथंच स्प्रिंग उडते, बोट वर ठेवून सोडा. सुई उचलून तिचं टोक नखावर फिरवून उजेडात बघा. टोकाला रबरासारखा मुलामा असतो. त्याच्यावर गोल चरा पडलेला दिसला, तर सुई गेली. सुई बसते ते भोक कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं, पेट्रोल लावून पुसा. तार घालू नका. तारेनं साफ केलेलं भोक कुठल्याही सुईला दाद देत नाही.

बसवताना स्प्रिंगचं खालचं टोक तिच्या खड्ड्यात आणि वरचं लिव्हरच्या उंचवट्यावर. सुईच्या मानेची खाच लिव्हरच्या फटीत अडकलेली पाहिजे, नाहीतर लिव्हर हलेल आणि सुई जागेवरच राहील.

जोडल्यावर माझी एक जुगाडू परीक्षा. घरात जुनं बीपी बघायचं मशीन असलं, डायलवालं, तर त्याचा रबरी फुगा आणि घड्याळ कार्बोरेटरच्या पेट्रोल नळीला लावा. फुगा दाबून काटा २५० च्या पुढं न्या आणि सोडून द्या. काटा हलला नाही तर सुई बसली. हळूहळू उतरला तर कार्बोरेटर पेट्रोलच्या वाटीत बुडवा, बुडबुडे कुठनं येतात ते दिसेल. कारखान्याच्या परीक्षेत ०.८ बार दाब देतात. बीपीचं घड्याळ ३०० ला संपतं, तो जेमतेम ०.४ बार होतो. पण जी सुई तेवढ्यालाही उतरते तिची परीक्षा घ्यायची गरज राहत नाही. आमच्या हिची तक्रार आहे की माझं बीपी बघायला मशीन कधी मोकळं नसतं.

निपाणीकर

हे वाचून मी भावाचं सॉ पण उघडायला काढलंय. काका, एक शंका. गरम झाल्यावर प्लगला करंट देणारी कॉईल दगा देते म्हणतात, तेव्हापण प्लग ओलाच निघतो ना?

जुना फिटर, खानापूर

निघतो. करंट नाही तर पेट्रोल जळणार कसं. गरम असताना अडलं की त्याच वेळी बघायचं, गार झाल्यावर बघून उपयोग नाही, तेव्हा कॉईल शहाण्यासारखी वागते. प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू सिलिंडरला टेकवा, भोकापासून लांब, स्विच चालू करून दोरी ओढा. निळी, जाड ठिणगी पाहिजे. पिवळी, बारीक दिसली तर आधी प्लगची फट ०.५ मिलिमीटर करा आणि कॉईल व मॅग्नेटमधलं अंतर बघा. ०.३ मिलिमीटर धरा, एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये ठेवून आवळलं की झालं. जांबोटीवाल्यांना हे सांगितलं नाही, कारण दोरी न ओढता त्यांचा घसा ओला होत असला तर कॉईलचा त्यात काय हात.

काजूवाला, जांबोटी

काका, तुम्ही म्हणाला तसंच निघालं. गॅस्केट वर, पडदा खाली. पडद्याच्या ठिपक्यावर लिव्हरचा चकचकीत डाग पडलाय, फोटोत सुद्धा दिसतोय. क्रम सरळ केला, लिव्हर पट्टीखाली बघितली, ती काठाच्या खालीच होती म्हणून हात लावला नाही. काल दुपारपर्यंत फणसाचा बुंधा सोडून सगळं कापून झालं. आयडल स्वच्छ, घुरघुर गेली. चहानंतर एका-दोन दोऱ्यांत सुरू.

पण एक राहिलंय. जेवायला गेलो तेव्हा मशीन उन्हातच राहिलं, तासाभरानं आलो तर परत ओव्हर. आधीइतकं नाही, रेस दाबून ओढल्यावर निघालं. बीपीचं मशीन शेजारच्या नर्सबाईंकडनं मागून आणलं, काटा २६० वरनं हळूहळू उतरतोय. सुईच्या टोकावर भिंगातनं बघितलं तर पुसट गोल खूण आहे. किटमधली नवीन सुई टाकलीच नव्हती काय त्यांनी? आणि आयडलला चेन जराशी फिरते आता, ते काय?

जुना फिटर, खानापूर

पुसट खूण म्हणजे बहुतेक जुनीच सुई ठेवलेली. त्यामुळंच किट टाकायच्या आधीचं तुमचं पहिलं दुखणं तसंच राहिलं आणि उलट्या पडद्यानं त्याच्यावर दुसरं चढलं. सुई सुटी मिळते, पण जाताना जुनी काडेपेटीत घालून घेऊन जा. दिसायला सगळ्या सारख्या, लांबीत केसाचा फरक असतो, आणि तेवढ्यानं लिव्हर परत वर येते. नवी टाकल्यावर पट्टी पुन्हा लावून बघायची. तोवर जेवायला जाताना मशीन झाडाखाली ठेवा, आणि सुरू करायच्या आधी, सायलेन्सर गार असला की, झाकण सैल करून दाब सोडून परत आवळा.

चेन फिरते त्याचं घाबरू नका. आधी पेट्रोल जास्त येत होतं म्हणून कुणीतरी आयडल टिकवायला टी स्क्रू, आयडलचा वेग ठरवतो तो, आत घातलेला असणार. एअर फिल्टर लावून, इंजिन गरम करून, टी स्क्रू थोडा थोडा बाहेर फिरवा, चेन थांबेपर्यंत. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे, तोवर त्या बुंध्याला हात घालू नका. टी बाहेर घेतल्यावर इंजिन बंद पडायला लागलं तर एल स्क्रू अलगद आत टेकेपर्यंत फिरवा, तिथनं एक फेरा बाहेर, आणि मग कानानं जुळवा. एच स्क्रूला, पूर्ण रेसचं पेट्रोल ठरवतो त्याला, सध्या हात लावू नका, तो जास्त आवळला तर पिस्टन जातो.